वनिताच्या अ‍ॅक्शनला हात लावू नका

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "बाई, मैदानावरच्या गोड आठवणी लिहा. दिवाळी आहे." गोड आठवणी माझ्याकडे आहेत, पण लिहायला बसले की मला वनिता उघडे आठवते आणि तिच्या कागदावर सही करायला मी दिलेला नकार आठवतो. त्या नकारापायी संघटनेतलं माझं काम सुटलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाई डोळे पुसतील अशी वाट बघत कोणी वाचायला नको.

पोटासाठी मी उल्हासनगरच्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. पण माझं खरं काम शनिवार-रविवारचं. आमच्या भागातल्या क्रिकेट संघटनेची मी गोलंदाजीची निरीक्षक होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या लहान लहान स्पर्धांमध्ये चौदा ते एकोणीस वर्षांची मुलं-मुली टाकतात, त्यांना वर्षभर बघायचं आणि वर्षातून तीनदा प्रत्येकाबद्दल लिहून द्यायचं. वर पाठवा, थांबवा किंवा सोडून द्या. मी बदलापूरजवळच्या गावातली, आगऱ्याची पोर. तरुणपणी मीही मध्यमगती टाकायचे. लोक मुलींचा सामना बघायला हसण्यासाठी यायचे तेव्हाची गोष्ट.

निरीक्षक बघतो काय, असं लोक विचारतात. मी विकेट सोडून सगळं बघते. पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये निम्म्या विकेट समोरच्याच्या मूर्खपणाने मिळतात. त्यात टाकणाऱ्याचं काय? मी बघते, टाकताना पुढचा पाय जमिनीवर कसा येतो, दुसरा हात कुठे जातो, आठव्या षटकातही धावण्याची लय तीच आहे का. आणि चौकार बसल्यावर पुढचा चेंडू कसा येतो, हे सगळ्यात जास्त. काही मुलं घाबरून आखूड टाकतात, काही रागावून. फार थोडी मुलं तोच चेंडू पुन्हा टाकतात, थोडा अजून चांगला.

आईबापांना हे पटत नाही. उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ, जीन्सचा कारखाना असलेले, दर रविवारी माझ्या शेजारी खुर्ची आणून बसायचे. "मॅडम, बस एक बात बताओ. लडका चलेगा ना? गॅरंटी?"

मी म्हटलं, "साईं, तुम्ही जीन्सला गॅरंटी देता?"

"देता हूँ ना. पहली धुलाई तक."

"मग माझीही तेवढीच."

ते इतके हसले की पंचांनी वळून पाहिलं. त्यांचा मुलगा पुढे चालला नाही. तो आता कारखाना बघतो, बाप अजून भेटले की खुर्ची पुढे करतात. असे बाप मला चालतात.

पण ह्या कामात सगळ्याच चुका हसण्यावारी जात नाहीत. माझी एक गेली नाही. नवीन होते तेव्हा शहाडचा प्रशांत नावाचा मुलगा होता. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, सोळा वर्षांचा, वेगवान. टाकताना छाती फलंदाजाकडे पूर्ण उघडी. पुस्तकात असं चालत नाही, म्हणून शिबिरातल्या प्रशिक्षकाने ठरवलं, ह्याला आडवा करू, म्हणजे टाकताना खांदा फलंदाजाकडे यायला हवा. मला ते बरोबर वाटलं नव्हतं. तो तसाच नीट टाकत होता, त्याचं शरीर त्या वळणाला सरावलेलं होतं. तरी सगळे मोठे लोक टेबलाभोवती बसलेले, मी एकटी बाई, नवखी. "बदल योग्य" असं लिहून मी सही केली. मग पाय एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, असं त्याचं झालं. दर चेंडूला कंबर पिळली जायची. सात महिन्यांनी पाठीच्या मणक्याला बारीक तडा गेला. अठराव्या वर्षी त्याचं क्रिकेट संपलं.

नंतर एकदा शहाड स्टेशनबाहेर भेटला. हसला. म्हणाला, "मॅडम, गल्लीत टेनिस बॉलने टाकतो अजून. एक ओव्हर. दुसरी नाय टाकता येत." मला शिव्या घातल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या.

वनिता मला अशीच सापडली, म्हणजे शोधायला गेले नव्हते. बारवी धरणाच्या बाजूला डोंगराखाली वाड्या आहेत, तिथल्या आश्रमशाळेच्या मुली बदलापूरला शालेय खेळांना आल्या होत्या. क्रिकेट त्यांना नवंच होतं. सीमारेषेवर उभी असलेली एक उंच, सडपातळ मुलगी चेंडू उचलून फेकायची आणि तो यष्टिरक्षक मुलीच्या डोक्यावरून पलीकडे जायचा. दर वेळी. त्यांचे सर वैतागून ओरडले, "अगं वनिता, हळू!" मी जाऊन त्यांना म्हटलं, "सर, तिला हळू म्हणू नका. तिच्या हातात चेंडू द्या आणि पळत येऊन टाकायला सांगा."

ती पळत आली. टप्पा दोन खेळपट्ट्या सोडून पडला. पण ती आली कशी आणि हात खांद्यावरून आला कसा, ते बघून मी वहीचं पान उलटलं आणि नवीन पानावर तिचं नाव लिहिलं. वय पंधरा.

पुढचे आठ-नऊ महिने ती शनिवारी सरांबरोबर यायची आणि अंबरनाथ पूर्वेच्या नेटमध्ये टाकायची. चामड्याचा कठीण सीझन बॉल हातात बसायला तिला चार महिने लागले. पहिल्या अहवालात मी एकच वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या: हिच्या अ‍ॅक्शनला दोन वर्षं कोणीही हात लावू नये.

निवड समितीचे प्रमुख वैद्य सर. त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. शिस्तीचे, वेळेचे, स्वतःच्या गाडीतून मुलांना रुग्णालयात नेणारे. पण त्यांना आकडा लागायचा. पहिल्या मोसमानंतर त्यांनी वनिताचं पान माझ्यासमोर ठेवलं.

"मॅडम, दर षटकात दोन-तीन वाइड. ह्याला मी काय म्हणू?"

"सर, वाइड कुठे गेलेत ते बघा."

"वाइड म्हणजे वाइड."

"नाही. सगळे लेग साइडला गेलेत. एकही दुसरीकडे नाही. हात भरकटत असता तर दोन्हीकडे गेले असते. हिचा चेंडू हवेत आत वळतोय, आणि किती वळतोय हे तिला अजून कळलेलं नाही. वळवणं शिकवता येत नाही सर. थांबवणं शिकवता येतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "ठीक आहे. एक वर्ष."

ते वर्ष संपत आलं आणि ऑगस्टमध्ये पावसाळी शिबिर लागलं. अंबरनाथ पूर्वेला पत्र्याच्या शेडखाली नेट होते. शिबिराला मिलिंद नावाचा नवा प्रशिक्षक आला होता, तरुण, हुशार, लॅपटॉपवाला. संघटनेने त्याच वर्षी मेमध्ये वेग मोजायची स्पीड गन घेतली होती आणि तिचा उपयोग सगळ्यांवर चालू होता. वनिताचा वेग मोजला तर मेमध्ये होता त्यापेक्षा आठ-नऊ किलोमीटरने कमी. दुसऱ्या दिवशी अजून कमी.

"मॅडम, ग्राफ सरळ खाली जातोय," मिलिंद म्हणाला. "ही फास्ट बोलर नाहीच. बॉडीच नाहीये तेवढी. मी रन-अप निम्मा केलाय. बोटं लांब आहेत, ऑफस्पिन टाकेल. मुलींमध्ये स्पिनर लवकर वर जातात."

मी वनिताकडे पाहिलं. ती तीन पावलांवरून टाकत होती, मान खाली. एका चेंडूनंतर तिने कमरेवर हात ठेवला आणि कोणी बघत नाही ना, असं पाहून लगेच काढला. मी बघत होते.

संध्याकाळी वैद्य सरांनी छापील कागद पुढे केला. "फिरकीकडे वळवण्याची शिफारस." खाली तीन सह्यांच्या जागा. दोन झालेल्या.

"मला आठ दिवस द्या," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"मला माहीत नाही कशासाठी. म्हणूनच द्या."

खरंच माहीत नव्हतं. पण इतक्या वर्षांत मला एवढं कळलं होतं की सोळा वर्षांच्या मुलीचा वेग तीन महिन्यांत असा जात नाही. दुखापत, आजार, भीती, काहीतरी असतं. रविवारी मी बदलापूरहून रिक्षा केली, डांबरी रस्ता संपला तिथे उतरले आणि छत्री घेऊन वाडीकडे चालत निघाले. लाज वाटते सांगायला, पण पावणेदोन वर्षं मी त्या मुलीला बघत होते आणि तिच्या घरी ही माझी पहिली खेप होती.

घरी कोणी नव्हतं. एका म्हातारीने हाताने खाली दाखवलं. खाली खाचरात सात-आठ बायका ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. त्यात वनिता. गुडघाभर चिखल, कमरेत दुमडलेली, हात मशीनसारखा चाललेला. मी बांधावर उभी राहिले. अर्धा तास तरी ती एकदाही ताठ झाली नाही.

तिच्या आईने मला आधी पाहिलं. "अगं बया, बाई आल्यात!" म्हणत ती पदराला हात पुसत वर आली. मी विचारलं, आवणी किती दिवस चाललीय?

"आमचं झालं कदीच. आता दुसऱ्यांचं करतो. तीन हप्तं झालं. पोरगी पन येते, तिचा हात लय चपळ. बायांच्यात पुढं असते."

"आणि शिबिराला?"

"दुपारपातूर लावते, मंग जाते."

म्हणजे सकाळी सहापासून दुपारपर्यंत वाकून रोपं, मग दोन गाड्या बदलून अंबरनाथ, आणि मग आम्ही तिच्यावर स्पीड गन लावून म्हणत होतो की हिची बॉडी नाही. वनिता वर आली. चिखलाने भरलेल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, तिने ते मागे धरले.

"कंबर कधीपासून दुखतेय?"

"नाय दुखत."

"वनिता."

"...धा-बारा दिस."

"मला सांगितलं का नाहीस गं? शेतात जातेस, दुखतंय, काहीच नाही सांगितलंस."

तिने मला अगदी सरळ उत्तर दिलं, त्यात तक्रार नव्हती. "बाई, कुनी इचारलंच नाय."

माझ्या वहीत तिच्या पावलांची लांबी होती, उंची तीनदा मोजलेली होती, कुठल्या फलंदाजाला काय टाकलं ते सगळं होतं. ती सोमवारी सकाळी काय करते, हे कुठेच नव्हतं. मिलिंदला मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? तो दहा दिवस चुकला, मी पावणेदोन वर्षं.

आईशी बोलले. मला वाटलं होतं ती म्हणेल, घरात बसून खायचं का. तिने एवढंच विचारलं, "तिला आराम दिला तर पयल्यासारकी टाकंल?"

"हो."

"तुमी लिवून द्याल?"

"देईन."

"मंग नाय येनार ती खाचरात. मी बघते."

तीन आठवडे चेंडू बंद. कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, स्नायू आखडलेत, मणका ठीक आहे म्हणाले.

आठव्या दिवशी बैठक. मी जे पाहिलं ते सांगितलं. मिलिंदचा चेहरा पडला, आणि पुढे तो माझ्याशी नेहमी नीट वागला. वैद्य सर मात्र कागदावर बोट ठेवून बसले.

"वाईट वाटलं ऐकून. पण दर वर्षी पाऊस पडणार, दर वर्षी लावणी असणार. आपण शेतीचं वेळापत्रक बघून संघ निवडायचा का? भावना बाजूला ठेवा मॅडम. फिरकीत तिचं भलं आहे."

"सर, भावना बाजूलाच आहे. प्रशांतच्या वेळी मी ह्याच टेबलावर सही केली होती. आतून नको वाटत असताना केली. त्या कागदावर माझं नाव आहे, आणि त्याच्या वर तुमचं आहे. मुलगा आज एक षटक टाकतो गल्लीत. दुसरं टाकता येत नाही त्याला. मी पुन्हा सही करणार नाही."

मग वैद्य सर अगदी शांतपणे म्हणाले, "मग ही जबाबदारी तुमची. ऑक्टोबरच्या शेवटी निवड सामना आहे. तिथे ती जलद गोलंदाज म्हणून उतरेल. नाही जमलं, तर तिचं नाव यादीतून जाईल. आणि निरीक्षक कोण असावा, त्याचाही विचार करावा लागेल."

"करा," मी म्हटलं.

निवड सामना उल्हासनगरच्या मैदानावर, सकाळी नऊला. सामना चालू असताना निरीक्षकाने खेळाडूशी बोलायचं नाही, असा नियम आहे. मी तो आयुष्यभर पाळला, त्या दिवशी पाळताना जीभ चावली. वनिताचा पूर्ण रन-अप मिलिंदने स्वतः टेपने मोजून दिला होता. पहिला चेंडू, लेग साइडला वाइड. दुसरा, लेग साइडला वाइड. वैद्य सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. तंबूतून कोणीतरी ओरडलं, "हळू टाक गं, लाइन पकड!"

ती थांबली. आपल्या खुणेपाशी उभी राहून तिने समोर बरंच बघितलं. पंच म्हणाले, चला. तिने मान हलवली आणि धावत आली. हा चेंडू तिने ऑफ स्टंपच्या चांगला वीतभर बाहेर सोडला. समोरच्या मुलीने तो बाहेर जाणार म्हणून बॅट वर उचलली. चेंडू आत आला आणि मधली यष्टी गेली.

ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी नाही, मिलिंदने नाही. चेंडू किती वळतो हे तिला कळलं होतं, आणि मग कुठून सोडायचा हे तिने तिथेच, दोन वाइडनंतर, सगळे बघत असताना ठरवलं होतं. माझ्या कामातले आनंद अशा क्षणांएवढेच असतात. ते वर्षातून एकदा मिळाले तरी पुष्कळ.

पुढे तिला चौकारही बसले. तिसऱ्या षटकात सलग दोन. त्यानंतरचा चेंडू तिने त्याच टप्प्यावर टाकला, फक्त जास्त जोरात. एकूण दोन विकेट, धावा जरा जास्तच. स्पीड गन मिलिंदच्या हातात होती. त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि यंत्र माझ्याकडे वळवून दाखवलं. मेपेक्षा जास्त.

तिची निवड झाली, पण राखीव म्हणून. ते मला पटलं नाही तरी मी काही बोलले नाही. मग माझा अहवाल परत आला. आमच्या नमुन्यात एक रकाना असतो, गोलंदाजात कोणते बदल करावेत असा. वनितापुढे तो मी कोरा सोडला होता. वैद्य सर फोनवर म्हणाले, "काहीतरी भरा मॅडम. रन-अप दोन पावलं कमी, असं काही. कोरा रकाना वर पाठवता येत नाही. त्यांना वाटेल आपण काम केलं नाही."

"सर, काही बदलू नका, हेच माझं काम आहे."

"इतका हट्ट बरा नाही."

"बरा नसेल. पण भरणार नाही."

त्याच संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. त्यांनी काढलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही, आणि ह्यात थोडा अहंकारही होता, हे कबूल करते. राहिले असते तर आणखी चार मुलींच्या कागदांवर माझी नजर गेली असती. त्याची रुखरुख आहे. सही न केल्याची नाही.

वनिता वरच्या शिबिराला गेली. तिथेही कोणीतरी म्हणालंच, रन-अप छोटा कर. तिने त्यांना काय सांगितलं ते मला मिलिंदकडून कळलं. "सर, मी अशीच टाकते. नको असंल तर सांगा, मी घरी जाते." त्यांनी तिला घरी पाठवलं नाही. दोन महिन्यांत ती राखीवमधून अकरांत आली.

ती देशासाठी खेळेल का, असं मला सगळे विचारतात. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं, आणि जो माहीत आहे म्हणतो त्याच्यापासून आपलं मूल दूर ठेवावं. ती अठरा वर्षांची आहे, जलद टाकते, स्वतःच्या पद्धतीने टाकते. आवणीच्या दिवसांत शिबिर नको, असा अर्ज तिने ह्या वर्षी स्वतःच्या हाताने लिहून दिला. आता शिबिराला जाणाऱ्या वाडीतल्या आणखी दोन मुलींनी त्याखाली सह्या केल्या.

मागच्या मार्चमध्ये बदलापूरला तिचा दोन दिवसांचा सामना होता. मी आपली तिकीट न काढता बघायला येणाऱ्यांतली एक. पहिला दिवस तिचा वाईट गेला. एकही विकेट नाही, भरपूर मार खाल्ला, एक झेलही सुटला. खेळ संपल्यावर माझ्या मागच्या बाकावरचे एक पालक पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण हीच ना ती, जिच्यासाठी तुम्ही एवढं भांडलात?"

समोर वनिता बूट सोडत बसली होती. शेवटची गाडी चुकू नये म्हणून घाई चालली होती.

"हो," मी म्हटलं. "हीच. उद्या सकाळी साडेनऊला पुन्हा टाकणार आहे. तुम्ही या. माझ्या शेजारी जागा ठेवते."